अळणी

माझं बटणांचं दुकान ओन्सेत. रविवारी बंद.
म्हणून रविवारी मी सात चौक चालत आबास्तोत जातो
आणि एदिल्बेर्तोच्या खानावळीत
दाराशेजारच्या टेबलाशी बसतो.
टेबल डुगडुगायचं. आता त्याच्या पायाखाली
मी दिलेलं बटण आहे,
कोटाचं, चार भोकांचं.

नेलिदा विचारत नाही, आणून ठेवते:
लिंबात मुरलेला कच्चा मासा, वर कांद्याच्या चिरा,
कडेला उकडलेलं रताळं, मूठभर भाजलेला मका,
पेल्यात जांभळ्या मक्याचं सरबत, दालचिनी घातलेलं.
कसं झालंय?
छान, मी म्हणतो.
सात वर्षं छान.

त्या रविवारी जुलैचा गारठा होता,
काचांवर वाफ धरलेली.
मधल्या टेबलाशी एदिल्बेर्तोची आई.
सोराइदाबाई. पेरूतल्या चिंबोतेहून,
चार दिवस बसनं येऊन पाय सुजलेली.
एकतीस वर्षं तिनं तिथल्या बंदरावर हातगाडी लावली,
जिथं मासळीच्या भुकटीचा वास
दोरीवरच्या कपड्यांना सोडत नाही,
आणि बोहल्यावरच्या नवरीलाही.

एकतीस वर्षं वाढणाऱ्या हातांना
वाढून घेणं जमेना.
दोनदा उठली. शेजारचं टेबल पुसायला लागली.
नेलिदानं फडकं काढून घेतलं,
तेव्हा मांडीवरचा कापडी रुमाल
घडी मोडून परत घातला, परत मोडला.

बशी मुलानं स्वतः आणली.
आणि उभा राहिला,
बेचाळीस वर्षांचा, दाराइतका उंच,
हात कुठं ठेवावेत ते न कळून.
टीव्हीवर कुणीतरी गोल मारला. कुणी पाहिलं नाही.

तिनं काट्यानं तुकडा उलटला,
मी बटण उजेडात धरून तडा शोधतो, तसा.
मग खाल्लं. सगळं.
बशी तिरपी करून तळाचा आंबट रसही प्याली,
ज्याला तिकडे वाघाचं दूध म्हणतात.

"बिल," ती म्हणाली.
एदिल्बेर्तो हसला. ती हसली नाही.
पोलक्यातून गाठ मारलेला रुमाल निघाला.
तिच्या देशाच्या नोटा, त्यांचा आजचा भाव,
नेलिदाशी घासाघीस,
वर नेलिदासाठी वेगळं नाणं.
सगळं चुकतं झालं तेव्हा बोलली:

"फुकट खाल्लं की खरं बोलता येत नाही.
मीठ कमी आहे.
आणि मासा चिरल्यावर तू फार वेळ थांबतोस.
समुद्र लांब असेल तुझ्या या शहरात,
हात तर जवळ आहेत ना?"

त्याचे कान लाल झाले.
आत गेला. सुरीचा आवाज, पाण्याचा, पुन्हा सुरीचा.
दुसरी बशी आली.
तिनं चाखायच्या आधी पुन्हा रुमालाची गाठ सोडली.
"आई, पुरे."
"किती झाले ते सांग."

मी माझ्या बशीत पाहत बसलो.
मी तर दर रविवारी मोजून पैसे दिले होते,
वर सुट्टेही सोडले होते,
मग माझं काय अडलं होतं?
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
इथं मीठच नव्हतं,
हे पहिल्याच रविवारी जिभेला कळलं होतं.
कोर्दोबाहून मुलगी फोन करते, कसे आहात?
तिलाही छान.
बायको जाताना, बॅग दारात,
तिनंही काहीतरी विचारलं होतं.

"नेलिदा."
तिनं वळून पाहिलं. पेला भरलेला होता,
मका होता, रताळं होतं.
"काय हवं?"
घसा खाकरावा लागला.
"मीठ."

मोहरीच्या जुन्या बाटलीत होतं ते,
तांदळाचे दाणे टाकलेलं, तरी दमटलेलं.
बराच वेळ हापटावं लागलं,
टेबल डुगडुगलं,
बटण सरकलं कुठंतरी.