कॉलशीट

तेविसावा दिवस.
ऑग्डेनच्या वाचनालयाचं तळघर, आम्ही पाच जणं,
फोन चार,
आणि लॅरूनं घरून आणलेली कॉफी.
तिच्या चर्चमध्ये कॉफी चालत नाही,
ती चव न घेताच करते,
म्हणून गेली अकरा वर्षं
आमच्या पक्षाची कॉफी पातळ आहे.

वॉशिंग्टनहून सकाळी कागद आलाय :
'सरकार बंद आहे' असं म्हणू नका,
'त्यांनी बंद पाडलं' म्हणा.
'तडजोड' मंगळवारपर्यंत चालत होती,
आता काढली आहे.
'कुटुंब' दर दोन वाक्यांत एकदा.
समोरचा रडला तर थांबा,
मग पान दोन.

दोष त्यांचाच आहे, माझ्या मनात शंका नाही.
विम्याचे पैसे त्यांनी कापले,
कुलूप त्यांनी लावलं,
किल्ली खिशात घालून शिकारीला तेच गेले.
एवढं सरळ आहे सगळं.
एवढं सरळ असून
आमच्या सिनेटर लिंडक्विस्टना ते सांगायला
तक्ता लागतो, तक्त्याला स्टँड लागतो,
आणि स्टँड उभा होईपर्यंत
बातम्या संपून हवामान सुरू झालेलं असतं.

काल ते म्हणाले, 'आम्ही ठाम आहोत.'
परवा म्हणाले, 'आम्ही लवचिक आहोत.'
आज दुपारी माझ्या फोनवर त्यांचाच मेसेज :
वर्ला, तू आम्हाला सोडून गेलीस का?
मध्यरात्रीच्या आत पाच डॉलर.

सोडून कुठे जाणार?
एकतीस वर्षं इथल्या टॅक्स ऑफिसात पाकिटं फोडली,
तीन वेळा बिनपगारी घरी बसले,
तिन्ही वेळा मत तुम्हालाच दिलं.
चौथ्यांदाही देईन.
ते तुम्हाला ठाऊक आहे,
म्हणून तर माझ्याशी असं बोलता.

यादीतलं सतरावं नाव : थेन बिंगहॅम, टपाल विभाग.
मी कागद वाचू लागते.
तो मध्येच म्हणतो, 'पान एक ना?
त्यांचाही फोन आला होता काल.
त्यांच्या पान एकवरही कुटुंबच होतं.'

मी कागद पालथा घालते.
विचारते, तिसऱ्या रांगेतलं ते यंत्र
अजून पाकिटं तिरकी कापतं का?
पलीकडे आधी काहीच नाही.
मग हसू. मोठं, खोकल्यात जाणारं.
'वर्ला? चेकचे कोपरे कापले जायचे म्हणून
यंत्राला लाथ मारणारी वर्ला?'

मग बोलतो तो.
गाडीचा हप्ता. मुलीच्या दातांची तार.
परतलो की टेबलावर पाकिटांचा डोंगर असेल,
आणि लोक म्हणतील, सरकारी माणसं कामच करत नाहीत.
कोणी बंद पाडलं, हे त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं.
तेवढ्यासाठीच तर बसले होते तिथे.

फोन ठेवता ठेवता म्हणाला,
'हरीण मारलंय या वर्षी, फ्रीजरमध्ये मावत नाही.
तुमच्यात कोणाला लागेल का मांस?'

तुमच्यात.
म्हणजे पक्षात, की रांगेत,
की नुसतंच त्या तळघरात, मी विचारलं नाही.

कॉलशीटवर चौकोन चारच :
आपला. त्यांचा. कुंपणावरचा. चुकीचा नंबर.
पेन बराच वेळ हवेत राहिलं.
लॅरू म्हणाली, पुढचा घे, यादी लांब आहे.

चौकोनांच्या खाली, समासात, मी लिहिलं :
हरीण, अंदाजे वीस किलो.
शनिवारी कोणीतरी गाडी घेऊन जा.
आणि त्याच्या खाली,
वॉशिंग्टनमध्ये कोणी वाचणार नाही म्हणून
जरा ठसठशीत अक्षरात :
या माणसाला पुन्हा फोन करायचा असेल
तर आधी काहीतरी ठरवा.