बारा नंबरचा पाना

वॉटर पंपाचे चार बोल्ट. तीन सुटले.
चौथा ऐकत नाही.

पद्मिनी शहाऐंशीची. वेंगुर्ल्यात आली तेव्हा
रंग बदामी होता म्हणे.
आता दाराखालून बोट फिरवलं
की पापुद्रा निघतो, शिळ्या घावनासारखा.
खाऱ्या वाऱ्याला कसली घाई नसते.

रॉकेल ओतलं. रात्रभर ठेवलं.
सकाळी पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला
आणि कट्‌.
सुटला म्हणून हसलो.
बोल्टाचं डोकं हातात, धड आत.

इनास गडग्यापलीकडून बघत होता,
बांगड्यांची पिशवी तशीच हातात.
"कित्याक झगडतस? कुडाळाक ने टोचन करून."
भंगारवाल्याने सांगितलेल्या भावात
टोचनचे पैसेही निघत नाहीत,
हे मी त्याला सांगितलं नाही.

कोल्हापूरहून एसटीने पार्सल आलं.
खोक्यावर पद्मिनी,
आत दुसऱ्याच कुठल्या गाडीचा पंप.
फोनवरचा माणूस म्हणतो, कानस मारा, बसतो.

कानस मारली.
थोडी बोटावरही.
मग एक वायसर निसटला.
जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही,
म्हणजे आतच कुठेतरी
माझी वाट बघत बसलाय.

काढलेलं सगळं वर्तमानपत्रावर मांडलं होतं,
ओळीने, नंबर घालून.
पाच आणि सात मांजराने एकत्र केले.

अंधारलं. हात आधी रॉकेलने धुतले, मग साबणाने,
मग नारळाच्या सोडणाने घासले.
तरी आमटीला ग्रीसचा वास.
बायको विचारते, निघाला का तो?
मी म्हणतो, हलतोय.