कल्याणीचा दुसरा दिवस

मखमलाबाद नाक्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
शेठच्या मुलानं कागद हातात दिला:
‘मंदामावशी, तुम्ही इथं सगळ्यात जुन्या.
धोका कुठंकुठं आहे, संध्याकाळपर्यंत लिहून द्या.’

पेन घेऊन फिरले.
सतरा वर्षं झाली इथं. काहीच दिसेना.
कढई कढईच्या जागी, कांदा तळतोय,
दगूभाऊ घाम पुसतो दंडानं,
थेंब तेलात पडू नये म्हणून मान डावीकडे.
त्याची बायको सांगते, झोपेतही डावीकडेच.
मान लिहू का?

मग कल्याणी आली, गांगुर्ड्यांची,
कामाचा दुसरा दिवस.
कागद कमरेला खोचला
आणि तिच्या मागं मागं राहिले.

मोरीपाशी ती घसरली, सावरली.
तिथं आम्ही सगळ्या टाचा उचलून चालतो,
कुणी कुणाला शिकवलेलं नाही.
लिहिलं: फरशी. तेल.

पाकिटांच्या मशीनशी तिची ओढणी पट्ट्याकडं ओढली गेली.
मी धरली.
‘याला जाळी नसते का?’
असते. गोदामात आहे, लसणाच्या पोत्यांवर झाकण.
दिवाळीच्या ऑर्डरीसाठी काढली होती.
कुठली दिवाळी, ते पुंजाबाईला आठवलं असतं,
तिची करंगळी त्याच महिन्यातली.
पण ती आता येत नाही.

तिखट फोडणीत पडलं तशी पोरगी खोकत बाहेर पळाली.
आम्ही हसलो, ‘होईल सवय.’
हसता हसता मला माझाच खोकला आला,
रोजचा.
त्याला रकाना नव्हता. कडेला लिहिला,
आडवा.

‘मागच्या दाराला कुलूप का?’
चोर, उंदीर, गल्लीतली कुत्री,
सगळी उत्तरं खरी.
आणि त्याच दाराला टेकून
चार गॅस सिलिंडर.
तिथं पेन जरा थांबलं. शाई होती.

शेठच्या मुलानं कागद वाचला, उलटून पाहिला.
‘एवढं? काल तर काही नव्हतं.’
काल होतं, म्हटलं. बघणारी नव्हती.

सहाला सुटलो. फाटकातून मागं वळून पाहिलं:
डबा हलवत, कुणाशी तरी बोलत
कल्याणी मोरीपाशी आली
आणि न बघता
टाचा उचलल्या.

मी परत आत गेले.
म्हटलं, कागद राहू द्या बाजूला.
मागच्या दाराची किल्ली द्या आधी.