मख्ख

तार्तूत जानेवारीत साडेतीनला अंधार पडतो.
त्याच्या थोडं आधी वाइके लेप दुकानात आली,
बूट आपटून बर्फ झाडला
आणि पावाच्या डब्यातून एक माणूस काढून
काउंटरवर उभा केला.

वीतभर उंच. आत तांब्याची तार, वर राखाडी लोकर,
चेहरा मेणाचा. दंतवैद्याकडचं मेण.
चाळीस वर्षं तिनं लोकांचे दात घडवले होते,
कोणाचे ते कधी विचारलं नव्हतं.

"याच्यासाठी कॅमेरा पाहिजे. लहानसा.
टेबलावर याचं घर मांडलंय,
माझ्या ताटालाही जागा उरलेली नाही."

मी दुकानातला सगळ्यात हुशार काढला.
वीस पट झूम. चेहरा आपणहून शोधतो,
कोणी हसलं की स्वतःच फोटो घेतो.

"हा हसणार नाही," ती म्हणाली.
"झोपतो का कॅमेरा?"
झोपतो, दोन मिनिटांनी. बॅटरी वाचावी म्हणून.
"एक कोपर वाकवायला मला चार लागतात.
तोवर याची नळी आत जाणार,
जागा झाला की बाहेर येणार केसभर सरकून.
केसभर म्हणजे त्या घरात भूकंप."

दुसरा लावला. तिनं दोन फोटो काढले,
मधे मी फक्त मागून गेलो, लाल स्वेटर घालून.
पहिल्यात माणूस राखाडी, दुसऱ्यात हिरवट.
"तुमचा स्वेटर बघून यानं मत बदललं," ती म्हणाली.
"असला आगाऊपणा नको.
एकदा सांगितला तेवढाच उजेड धरून ठेवणारा द्या.
मख्ख द्या."

अठरा वर्षं कॅमेरे विकतोय.
लोक वेगवान मागतात, हलका मागतात,
रात्रीचं दिसणारा, पाण्यात बुडणारा.
मख्ख कोणी मागितला नव्हता.

मग तिची नजर काउंटरखालच्या टोपलीवर गेली.
बिघडलेले, कुठलाही दहा युरोला.
एकात पार्नूच्या किनाऱ्याची वाळू शिरलेली:
नळी अर्धवट बाहेर, आत जाईना, पुढे येईना,
फोकस एकाच जागी रुतलेला.
कुठे, ते तिनं हातानं मोजलं.
एक वीत, वर चार बोटं.
बटणं दाबून दाबून मेनू उलगडला,
झोप बंद केली, उजेडाचा आकडा बांधून टाकला.
बॅटरीचं झाकण तुटलेलं होतं,
तिथून भिंतीतल्या विजेची वायर आत जाते हे तिनंच मला दाखवलं.
खाली स्टँडचा स्क्रू बसतो का पाहिलं. बसत होता.

"सहा," ती म्हणाली.
मी आठ म्हणालो. सातला दिला.
माणूस डब्यात परत झोपवताना विचारलं, कोण हा?
"ठरलं नाही अजून."

मार्चमधे आली. अकरा सेकंदं घेऊन.
एकशे बत्तीस फोटो, सहा आठवडे.
माणूस काडेपेटीवरून उठतो, खिडकीशी जातो,
काही तरी विसरल्यासारखा थांबतो,
परत येऊन बसतो. बस.
मधे कुठेतरी एका फोटोत तिचा अंगठा आलाय,
डोळा लवला तर दिसतही नाही.
मला दिसला. मी बोललो नाही.

बोललो ते भलतंच:
एवढ्यात भाग मिळालाय, झूम दुरुस्त करून देतो, फुकट.
तिनं कॅमेरा काउंटरवरून उचलून कोटात घातला.
"वाळूला हात लावायचा नाही."

साडेतीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन,
नदीवरचा बर्फ तडकत होता,
समोरच्या बाकावर लोक टोप्या काढून, डोळे मिटून बसलेले.
वाइके दारात उभं राहून आभाळाकडे बघत राहिली,
घरात पाणी शिरल्यासारखी.
"आता रात्री दहापर्यंत हे असंच," ती म्हणाली.
"जाड पडद्याचं कापड कुठे मिळेल?
काळं. अगदी काळं."