हेल्दुरकडे कुणीतरी

कुरेसारेच्या इस्पितळाखाली, तळघरात,
जिथे बॉयलरची भिंत पाठीला ऊब देते,
तिथे माझी रात्रपाळी.
वाऱ्यामुळे शेवटची फेरीबोट रद्द,
म्हणजे आज बेटावर कुणी नवं यायचं नाही,
निदान पाण्यावरून तरी.

तारेतून येतात.
दोन वाजून चार मिनिटं: रूट.
मग अ‍ॅडमिन. टेस्ट. बॅकअप. प्रिंटर.
मग मारिया, कारण मारिया कुठेही एखादी असतेच.
दर अकरा सेकंदांनी एक टकटक.
राग नाही, कंटाळा नाही,
नकार मिळाला की पुढचं नाव.
उधारी मागायला आलेलाही मध्ये श्वास घेतो.
अडवायचं बटण माझ्या हाताखाली आहे, पण
आधी थोडं वाचून घ्यायचं, हे हेल्दुरनं शिकवलेलं.

२०३.०.११३.७७.
पत्ता म्हणायचा, पण त्याला ना गल्ली ना जिना.
नोंदवही सांगते अमुक कंपनी, तमुक देश,
आणि नकाशावरची लाल टाचणी
बरोबर एका तळ्याच्या मधोमध.
ठाऊक नसलं की हे लोक पाण्यात टाचणी टोचतात.
तरी मी बघून घेते ते तळं,
आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून
टाइप करणारा कुणी.

खाली तक्रारी. चारशे बारा.
पोर्तूमधली शाळा. स्लोव्हेनियातली पिठाची गिरणी.
लिमातला दातांचा दवाखाना.
"मंगळवारपासून आमच्याकडेही."
"थांबतच नाही."
एकानं नुसती वेळ लिहिलीय, पुढे पूर्णविराम.
गावकुसावरचे जागले आम्ही,
एकमेकांची तोंडं न पाहिलेले,
अंधारात हाळी देणारे:
आला रे, तुमच्याकडे वळलाय.

चारशे तेरावी हाळी लिहायला घेतली
आणि तीन सतराला त्यानं विचारलं,
हेल्दुर?

या खुर्चीचा उजवा हात
हेल्दुरच्या कोपरानं झिजलाय.
दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला.
त्याचं खातं मीच बंद केलं,
दफनाहून येऊन, ओला कोट अंगावर तसाच.
कायमचं काढून टाकायचं का, यंत्रानं विचारलं
दोनदा.
मी दोनदा हो म्हटलं.

कुठल्याशा जुन्या, चोरलेल्या यादीत
त्याचं नाव राहून गेलं असणार.
नोंदीत नाव दिसतं, पासवर्ड दिसत नाही.
काय घालून पाहिलं असेल?
होडीचं नाव? ते त्यानं तीनदा बदललेलं.
की त्या बहिणीचं, जिच्याशी तो बोलत नसे?
अचूक असतं तरी काय,
त्या दारामागे आता खोलीच नाही.

चौथ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. सहसा येत नाही.
पत्ता वाल्दिव्हियातल्या एका फुलांच्या दुकानाचा.
छताच्या कोपऱ्यातला कॅमेरा,
कारखान्यातून आलेला पासवर्ड कधी न बदललेला.
मालकीण एदुविहेस सोतोमायोर यांनी
वायर उपटली आहे
आणि माफी मागितली आहे.
माफी!
बाई देठ छाटत होत्या,
आणि त्यांच्या डोक्यावरून कुणी
जगभरच्या कड्या वाजवत होतं.

दोन रात्री शांत.
तिसऱ्या रात्री १९८.५१.१००.९.
दुसरी टाचणी, यावेळी रानात,
दुसऱ्या कुणाचं झोपलेलं यंत्र.
रूट, अ‍ॅडमिन, मारिया,
आणि बऱ्याच वेळानं, हेल्दुर.

बटणावर बोट ठेवून मी थांबले.
किती, तेही नोंदीत आहे: बावीस सेकंद.

तेवढ्यात वरून एंडला आली, तिसऱ्या मजल्याची नर्स,
दोन कप कॉफी, एकाला कान नाही.
पडद्याकडे पाहून म्हणाली,
कोण गं इतक्या रात्री?
कुणी नाही, मी म्हटलं,
हेल्दुरकडे आलं होतं.