शेऱ्याचा रकाना

साक्रीच्या पुढे, बाजरी काढलेल्या रानात
सुकलाल मारनरने मेंढ्या बसवल्यात.
मी एकीच्या नाकाशी नळी बांधते,
मानेवर डबा,
डब्यात दिवसभराचा श्वास.

लोकांना वाटतं, वायू मागून जातो.
नाही. तोंडातून.
रवंथ करता करता एक ढेकर, आवाजही नसलेला,
आणि आभाळाच्या खात्यावर थोडं मिथेन.

समीकरण साधं आहे :
वजन किती, चारा कोणता.
खाल्लं किती, ते वजनावरून धरायचं.
चाऱ्यात मी लिहिते सरमड, बाभळीच्या शेंगा,
आणि कुणाच्या तरी बांधावरची तूर
(ती सुकलाल खोडायला लावतो).

अंदाज आला एकवीस ग्रॅम.
डब्यात निघाले चौदा.

"काया कानवाली ना?"
त्याने तिच्या डाव्या भकाळीत तळहात दाबला,
हात आत गेला.
"ती काल चरनीच नही, ताई.
परवा लांडगा लई गया तिनं पिलू."

म्हणजे रात्रभर ती हाका मारत होती
तोही श्वास याच डब्यात.

फॉर्मच्या कडेला शेऱ्याचा रकाना असतो,
बोटभर.
मी लिहिलं : लांडगा.

सोमवारी धुळ्याहून फोन.
मॅडम, लांडगा हा
चाऱ्याचा कोणता प्रकार?