अंगठा बाहेर

लष्करातून निघताना शितोळेकाका
टायरची हवा नंतर बघतात, आधी मला:
झोप झाली का, चपला कशाला, बूट कुठेत.
मग पट्टा. मागच्या फावड्यालाही पट्टा,
पाण्याच्या कॅनला दोरी, डब्याला दोरी.
"गाडी उलटली तर गाडी नाही मारत,
हे मोकळं सामान मारतं."

माझं काम बीहड मोजायचं.
कुठली घळ यंदा किती हात पुढे आली,
कुणाच्या बाजरीत शिरली, ते लिहायचं.
मुरैन्याचा रस्ता सोडला की डांबर संपतं
आणि काका शेजारच्या सीटवर सरकतात.
"घे."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं, मुठी वळून,
लहानपणी जत्रेत आकाशपाळण्याचा दांडा धरायचे तसं.
"अंगठा बाहेर काढ. विळखा घालायचा नाही.
चाकाखाली धोंडा आला की हे आपसूक गर्रकन फिरतं,
मध्ये सापडेल ते मोडतं."
पुरावा म्हणून त्यांनी आपला उजवा अंगठा पुढे केला,
आल्याच्या कुडीसारखा, दोनदा वळलेला.
साल अठ्ठ्याऐंशी, घाटीगाव,
सोनचिड्या मोजायला आलेले साहेब शेजारी.
सोनचिडी दिसली नाही, म्हणाले,
अंगठ्याचं हाड मात्र दिसलं.

उतारावर तिरकं जायचं नाही.
सरळ चढायचं, सरळ उतरायचं, पहिल्या गिअरात,
क्लचवरून पाय उचलून, ब्रेकला उगाच न छळता.
चढताना मध्येच दम तुटला तर वळायचं नाही,
आलो त्याच चाकोरीतून मागे.
"रिव्हर्स काय शोभेला दिलाय?"

तिसऱ्या दिवशी तुटलाच.
समोर नुसतं आभाळ, खाली भुसभुशीत पिवळी माती,
आणि माझे दोन्ही हात म्हणतायत, वळव, वळव.
काका खिडकीबाहेर बघत शेंगा सोलत होते.
सोलत होते एकाच हाताने.
दुसरा हॅंडब्रेकवर होता, हे मला
खाली सपाटीला आल्यावर दिसलं.

भादव्यात भोपाळहून बुधौलिया साहेब आले.
सांक नदीचा रपटा पाण्याखाली, पलीकडे आमच्या खुंट्या.
"अरे, कमर भर भी नहीं है, निकल जाएगी."
काकांनी बूट काढले, पॅंट गुडघ्यावर दुमडली,
मोजणीची काठी घेतली आणि चालत गेले.
घोटा. पोटरी. गुडघा.
मांडीशी थांबले.
पाण्याकडे बघतच नव्हते,
पाण्यावरून काय येतंय ते बघत होते:
फेस, आणि बाभळीची ताजी फांदी,
फुलं अजून पिवळी.
"वर तिघऱ्याचं दार उघडलंय," परत येऊन म्हणाले,
"आज नाही, मॅडम."
साहेबांसमोर मला मॅडम म्हणतात.

चार तास या काठावर.
थालीपीठ, बेडई, दोघांत एक लोणचं,
साहेब रागाने जेवले नाहीत, मग जेवले.
दीडच्या सुमारास एक ट्रॅक्टर आला,
ट्रॉलीत बायका, पोरं, एक शेळी,
चालकाच्या कानात विडी.
न थांबता पाण्यात शिरला, थोडा डुलला,
आणि गेला पलीकडे.
शेळीसुद्धा कोरडी.

साहेबांनी काकांकडे पाहिलं. मीही पाहिलं.
खोटं कशाला सांगू,
त्या क्षणी मला त्यांची लाज वाटली.
"गेला ना," काका म्हणाले, "बरं झालं. पोरं होती."
आणि बुटातली वाळू झटकू लागले.

पाणी त्या दिवशी वाढलं का, मला ठाऊक नाही.
आम्ही पाहायला थांबलो नाही.

संध्याकाळी कंपूच्या ऑफिसात त्यांनी
लॉगबुक पुढे ओढलं.
गेले, किलोमीटर एकोणतीस. आले, एकोणतीस.
झालेलं काम: निरंक.
कारण या रकान्यात बराच वेळ काही नाही,
मग एकच शब्द: नदी.

मी बघत होते, पेनही ते तसंच धरतात.
चार बोटांत,
अंगठा बाहेर.